ठराव मंजूर, धावणं उद्यापासून

वर्ध्याला ठराव नवे नाहीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये २२ आणि २३ तारखेला इथे शिक्षण परिषद भरली आणि देशातल्या पोरांनी काय शिकावं, कसं शिकावं हे दोन दिवसांत ठरलं. नई तालीम म्हणतात ती हीच. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इथेच बसून, इंग्रजांनी आता सामान आवरावं, अशा अर्थाचा ठराव केला. मुंबईत ८ ऑगस्टला त्यावर शिक्कामोर्तब तेवढं झालं. याच वर्ध्यात पहाटे धावणाऱ्यांचा एक गट आहे. त्याच्या टी-शर्टचा रंग मागच्या दिवाळीपासून ठरायचा आहे.

हा गट नेमका कुठला, ते विचारू नये. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या रस्त्यांवर पहाटे जे घोळके दिसतात, त्या चार-दोन घोळक्यांचा मिळून हा एक केला आहे. प्रत्येकाला तो शेजारच्या गावचा वाटेल, त्यामुळे भांडण होण्याचा संभव कमी.

गटात मंडळी कोण? सगळ्यात जास्त डॉक्टर. याला इलाज नाही. सेवाग्रामला १९६९ सालचं वैद्यकीय महाविद्यालय, सावंगीला दुसरं. एवढ्याशा जिल्ह्यात दोन-दोन मेडिकल कॉलेजं असली की गुडघा एकाचा दुखतो आणि मतं अकरा पडतात. हाडांचा डॉक्टर म्हणतो विश्रांती घ्या, फिजिओथेरपीवाला म्हणतो मांडी बळकट करा, बालरोगतज्ज्ञाला कुणी विचारत नाही तरी तो वजन कमी करा म्हणतो. त्यांच्यामागून जिल्हा परिषदेचे सर, बँकेतले दोघे, एक जिनिंगवाले शेठ, पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरी केलेले एक काकाजी, आणि ज्यांना साखर निघाली आहे असे बाकीचे. धावण्याच्या प्रसारासाठी भाषणांनी जेवढं काम केलं नाही, तेवढं पॅथॉलॉजी लॅबच्या एका कागदाने केलं आहे. एचबीएवनसी सातच्या वर गेलं की माणूस त्याच आठवड्यात बूट घेतो.

पहिला मोठा विषय वेळेचा. पाच की साडेपाच?

पाचवाले कट्टर असतात. त्यांच्या बाजूला इतिहासही आहे. गांधीजींच्या कमरेला घड्याळ लटकलेलं असायचं आणि आश्रमाचा दिवस पाच वाजायच्या आतच सुरू व्हायचा. विनोबांची पदयात्रा तर पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन निघे. १९५१ च्या मार्चमध्ये पवनारहून ते पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला, साधारण ३०० मैल. १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं, आणि मग पुढची तेराएक वर्षं माणूस चालतच राहिला. एवढ्या चालण्यातलं एक पाऊलही कुठल्या ॲपवर चढलेलं नाही, याचं गटातल्या तरुणांना मनापासून वाईट वाटतं.

साडेपाचवाल्यांकडे इतिहास नाही. त्यांच्याकडे दूधवाला आहे, नळ आहे आणि बायको आहे. शेवटी तडजोड म्हणून सव्वापाच ठरते. पाचवाले सव्वापाचला येतात, साडेपाचवाले पावणेसहाला येतात, आणि सगळे मिळून सहाला निघतात. मे महिन्यात मात्र ही चैन नाही. पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात तर पहाटे पाचलाही डांबर आदल्या दिवसाचं ऊन परत करत असतं. तेव्हा साडेचारचा ठराव होतो. साडेचारला रस्त्यावर दोनच जमाती जाग्या असतात: हा गट आणि कुत्री. कुत्र्यांचा गट जास्त शिस्तीचा असतो. त्यांची हद्द ठरलेली, नेता ठरलेला, आणि पाठलागाचं अंतर ठरलेलं. काही सदस्यांचा आयुष्यातला सगळ्यात वेगवान किलोमीटर याच टप्प्यातला आहे, हे ते सांगत नाहीत. त्यांचं घड्याळ सांगतं.

घड्याळाचंही एक प्रकरण आहे. प्रत्येकाच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ, आणि धावून झालं की माणूस पाणी प्यायच्या आधी स्ट्रावा ॲप उघडतो. कोण किती पळाला, कुठे थांबला, कुणाचे ठोके किती झाले, हे अख्ख्या गावाला कळतं. पुलगावचे काकाजी तेवढे घड्याळ घालत नाहीत. २०१८ च्या जानेवारीत स्ट्रावाच्या जगभरच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघा उजळल्या आणि त्यावरून परदेशांतले लष्करी तळ ओळखू आले, ही बातमी त्यांनी कापून ठेवली आहे. ‘देशाच्या सुरक्षेचा प्रश्न हाय बाप्पा,’ ते म्हणतात. बाकीच्यांचं म्हणणं असं की, काकाजींचा वेग हेच ते गुपित.

आता टी-शर्ट. महाराष्ट्रात रंग निवडणं हे कुणाही भल्या माणसाचं काम राहिलेलं नाही. भगवा घेतला तर एका पक्षाचे, निळा घेतला तर दुसऱ्याचे, हिरव्याचं बोलायलाच नको, पिवळा हळदीच्या कार्यक्रमाचा. जिनिंगवाले शेठ म्हणाले, संत्र्याचा रंग घ्या, आपल्या आर्वी-कारंजा-आष्टीची संत्री आहेत, कोण काय म्हणेल? पण कापडाचा नमुना आल्यावर ते संत्रं की भगवं यावर दोन बैठका झाल्या, आणि एका सदस्याने नमुन्याशेजारी खरं संत्रं ठेवून फोटो ग्रुपवर टाकला. फोटोतलं संत्रं हिरवट निघालं, कारण ते आंबिया बहराचं होतं आणि नीट पिकलं नव्हतं. विषय तिथेच तहकूब झाला.

मग कुणीतरी खादी सुचवली. वर्ध्यात कुणीतरी कधीतरी खादी सुचवतोच. मगन संग्रहालय गावातच आहे, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. नैसर्गिक रंगांची सुरेख खादी आजही तिथे मिळते. विरोध करायची कुणाची हिंमत होईना. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त एका डॉक्टरसाहेबांनी खादीचा सदरा घालून दहा किलोमीटर करून पाहिले आणि परतले ते सदऱ्याने घाम पिऊन आपलं वजन दुप्पट केल्यावर. छातीवर दोन ठिकाणी कातडी सोलवटली होती. त्यांनी भाषण केलं नाही, नुसता सदरा पिळून दाखवला. त्यानंतर खादीचा ठराव ‘तत्त्वतः मंजूर’ या सदरात गेला. आपल्याकडे त्या सदरात गेलेली गोष्ट कधी परत येत नाही.

सध्या पांढऱ्यावर एकमत होत आलंय. पाठीवर प्रायोजकांची नावं: एक लॅब, एक जिनिंग, एक सीईटीचे क्लासेस, एक दातांचा दवाखाना. गटाचं नाव छापायला जागा उरलेली नाही. पांढऱ्या कापडाचा पावसाळ्यात काय रंग होईल, हे कुणी बोलत नाही. विदर्भाच्या काळ्या मातीशी ज्याचा संबंध आला, त्याला सांगायला नको. जुलैत सेवाग्रामच्या बाजूच्या पांदणीत शिरलं की पहिल्या पन्नास पावलांत बुटाच्या तळाला मातीचा थर, शंभराव्या पावलाला थराला थर, आणि दोनशेव्याला माणूस चार बोटं उंच झालेला असतो. मग वाकून काडीने ती माती खरवडायची, ती काडी मोडायची, दुसरी शोधायची. ज्या बुटाच्या जाहिरातीत तो पिसासारखा हलका असल्याचं लिहिलंय, त्याचं एक-एक पाऊल तेव्हा दोन किलोला भरतं.

बूट हा खरा धर्म. १२ ऑक्टोबर २०१९ ला एल्यूड किपचोगेने व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, आणि त्याच्या पायातल्या कार्बनच्या पट्टीवाल्या बुटांनी जगभर वाद पेटला. पुढे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, असा नियम केला. गटातल्या बँकवाल्यांनी तो नियम पाठ केला आहे आणि आपला बूट ३९ चा आहे हे ते आपण होऊन सांगतात. किपचोगेचा वेग किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद. यांचा सात मिनिटं. तरी नियम पाळलेला बरा.

या बुटांचा खरा हिशेब होतो तो जिल्हा स्टेडियमवर. तिथे पहाटे दुसरीच जमात पळत असते: पोलीस भरतीची पोरं. देवळी, सेलू, समुद्रपूरच्या खेड्यांतून आलेली, गावात खोली करून राहिलेली, पायात तीनशे-चारशेचे कॅनव्हास किंवा काहीच नाही. पुरुषांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंद लागले तर २० पैकी २० गुण; त्यानंतर टप्प्याटप्प्याने गुण गळत जातात आणि गुणागणिक नोकरी. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटांहूनही कमी. गटातल्या कुणाच्याही घड्याळाने हा आकडा कधी पाहिलेला नाही, एकदा गाडीतून जाताना ते चालू राहिलं होतं तेवढा प्रसंग सोडून.

ही पोरं फार अदबीने मागून येतात. ‘काकाजी, बाजूले व्हा जरा,’ एवढंच. काकाजी बाजूला होईपर्यंत ती पुढच्या वळणावर असतात. एका बैठकीत त्यांना गटात सामील करून घ्यावं, मार्गदर्शन द्यावं, असा ठराव आला. मार्गदर्शन कोणी कोणाला करायचं, यावर शांतता पसरली. शेवटी गटाने पोरांना केळी आणि ग्लुकोज द्यायचं ठरवलं, आणि खरं सांगायचं तर त्या गटाने आजवर केलेल्या ठरावांत अमलात आलेला आणि उपयोगी पडलेला हा एकच.

धावून झाल्यावर पोहे. याला ठराव लागत नाही. विदर्भातले पोहे म्हणजे वरून हरभऱ्याची तर्री, कांदा, चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबाची फोड. आणि तर्रीवर तरंगणारं तेल चमच्याने बाजूला सारणाऱ्या माणसाला इथे आजारी समजतात. साधा हिशेब असा की, सपाट रस्त्यावर धावताना किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे अंदाजे एक कॅलरी जळते. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर साडेतीनशे. तर्री पोह्याची एक भरलेली प्लेट तिथल्या तिथे ती फिटवते. दुसरी प्लेट म्हणजे आगाऊ भरणा. त्यावर चहासोबत गोरस पाक: गायीच्या तुपातलं ते खुसखुशीत बिस्कीट, जे वर्ध्याहून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत असतं. गोरक्षणाच्या चळवळीतून आलेली वस्तू असल्यामुळे तिला ‘नको’ म्हणणं म्हणजे गांधीविचाराला नको म्हणणं, अशी सोयीची समजूत आहे. गटाचं सरासरी वजन तीन वर्षांत का घटलं नाही, यावर एका डॉक्टरसाहेबांना निबंध लिहायचा होता. त्यांनी सुरुवात केली, मग पोहे आले.

जगात यापेक्षा वाईट चाली आहेत, हेही सांगितलं पाहिजे. १९३८ मध्ये क्वालालंपूरच्या इंग्रज साहेबांनी ‘हॅश हाउस हॅरियर्स’ नावाचा धावण्याचा क्लब काढला. त्याच्या लेखी उद्दिष्टांत, तंदुरुस्ती वाढवणं, शनिवार-रविवारची उतरवणं, चांगली तहान लावणं आणि मग ती बिअरने भागवणं, असा क्रम होता. क्लब जगभर पसरला, आजही जोरात आहे. वर्ध्यात त्याची शाखा निघण्याची शक्यता नाही, कारण जिल्ह्यात दारूबंदी. १९७० च्या दशकापासूनची. चंद्रपूरने २०१५ मध्ये घातली आणि २०२१ मध्ये उठवली, वर्ध्याची कायम. धावपटूंनी तहान लावायची ती लावावी. भागवायची ती लिंबूपाण्याने. निदान बैठकीच्या इतिवृत्तात तरी लिंबूपाणीच लिहिलेलं असतं.

गटाच्या बातम्यांमध्ये जानेवारी हा मोठा महिना. तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, २००४ पासूनची. वर्ध्याची मंडळी सेवाग्राम एक्स्प्रेसने निघतात. या गाडीची गंमत अशी की ती जिथे संपते, त्या सीएसएमटीहूनच बेचाळीस किलोमीटरची शर्यत सुरू होते. डब्यात थेपले, चिक्की, खजूर, ओआरएस, व्हॅसलीन, दोन जोडी मोजे, आणि एका वहिनींनी दिलेला ठेचा. ‘तिकडचं जेवण सपक राहते,’ हे कारण. प्रशिक्षणात चढण हवी म्हणून महिनाभर हनुमान टेकडी केलेली असते, पण पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात, पाय संपल्यावर येतो; आणि वर्ध्याच्या कोरड्या थंडीत तयार झालेल्या माणसाला मुंबईचा उबारा पहिल्या दहा किलोमीटरांतच गाठतो. परतल्यावर स्वागत होतं, हार होतात, स्थानिक पेपरात फोटो येतो. बातमीत वेळ दिलेली नसते. ‘यशस्वीपणे पूर्ण केली’ असं असतं. सहा तास चाळीस मिनिटंही यशस्वीच असतात, आणि एका अर्थी जास्तच. कारण जिंकणारा दोन-सव्वादोन तासांत सुटतो, या माणसाने तिप्पट वेळ सोसलेलं असतं.

बायकांबद्दल अजून काही आलं नाही, कारण बैठकांमध्ये त्या फारशा बोलत नाहीत. त्यांचा वेगळा घोळका आहे. पाचला ठरलं की तो पाचला निघतो. पाचाआधी डबे झालेले असतात किंवा परतल्यावर व्हायचे असतात, त्यामुळे साडेपाच, सव्वापाच असली चर्चा त्यांना परवडत नाही. त्यांना हवी आहे एकच गोष्ट: रस्त्याच्या बंद पडलेल्या दिव्यांचं नगरपालिकेकडे बघा. हा विषय दर बैठकीत ‘ऐनवेळच्या विषयां’त येतो आणि ऐन वेळी चहा येतो. मार्चमध्ये महिला दिनाला मात्र गट त्यांची साडी दौड घेतो, अध्यक्ष झेंडी दाखवतात आणि साडीत धावणं किती अवघड यावर पुरुषच बोलतात. बुलढाणा जिल्ह्यातून बारामतीला कामासाठी गेलेल्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते, म्हणून. त्यांच्यावर २०२० मध्ये सिनेमा निघाला, त्यात त्यांचं काम त्यांनीच केलं. ही हकीकत दर वर्षी साडी दौडीत सांगितली जाते. सांगणाऱ्याच्या पायात ३९ मिलिमीटरचा बूट असतो.

आता आजचा मुख्य विषय: गटाची स्वतःची हाफ मॅरेथॉन.

सातारकरांनी केली ना! २०१२ मध्ये यवतेश्वरच्या घाटात सुरू केलेली त्यांची हिल मॅरेथॉन २०१५ मध्ये गिनेस बुकात गेली. मग वर्ध्याने का मागे राहावं? डोंगर नाही, पण गांधी-विनोबा आहेत. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर, पवनार साधारण तेवढंच. दोन्ही जोडून परत आलं की आकडा एकवीसच्या आसपास जातो. एवढी पुण्यवान हाफ मॅरेथॉन देशात कुठे नसेल. ‘आसपास’ हा शब्द मात्र पुढे नडला.

मोजणी तीन प्रकारे झाली. सरांनी स्कूटरवर मोजलं: २०.६. बँकवाल्यांनी घड्याळावर मोजलं: २१.४. डॉक्टरांनी गुगल मॅपवर मोजलं आणि ते पवनारला धाम नदीच्या पात्रातून पलीकडे गेले. तिघांची तीन प्रमाणपत्रं तयार होती. खरी रीत अशी आहे: सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावतात, आधी पोलादी टेपने मोजलेल्या अंतरावर ती सायकल चालवून आकडा जुळवून घेतात, मग वळणाच्या आतल्या कडेने, धावपटू घेईल त्या सर्वांत जवळच्या रेषेने सगळा रस्ता मोजतात, आणि तरीही अंतर कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वरून घालतात. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे कागदावर बेचाळीस मीटर जास्तच. ही रीत समजावून सांगितल्यावर जिनिंगवाले शेठ खूश झाले. त्यांच्या धंद्यात वजनाला काट मारतात; वरून घालायची पद्धत त्यांनी प्रथमच ऐकली.

तरी त्यांचा प्रश्न रास्त होता. ‘भाऊ, एकवीस म्हणजे एकवीसच काऊन? वीस केले तर का होते?’ यावर सरांनी सांगितलेली माहिती बैठकीतल्या सगळ्यांना आवडली. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन चाळीसेक किलोमीटरची होती. १९०८ च्या लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून काढली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली, म्हणून २६ मैल ३८५ यार्ड झाली. मग १९२१ मध्ये जागतिक संघटनेने तेच अंतर कायम करून टाकलं: ४२.१९५. आपलं एकवीस म्हणजे त्याचं निम्मं. म्हणजे जगभरच्या गुडघ्यांचं जे व्हायचं ते एका कमिटीनेच केलं. हे ऐकून सभेत चैतन्य आलं. कमिटीचं महत्त्व कुणीतरी जाहीरपणे मान्य केलं होतं.

त्याच बैठकीत एका तरुण सदस्याने भलतीच सूचना केली. २ ऑक्टोबर २००४ ला, म्हणजे गांधीजयंतीलाच, लंडनच्या बुशी पार्कात पॉल सिंटन-हेविट यांनी तेरा धावपटूंना घेऊन पाच किलोमीटरची एक दौड काढली. कोण कितवा आला हे कळायला हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर हातात दिले. फी नाही, मेडल नाही. ती पार्करन आज कितीतरी देशांत दर शनिवारी होते. आपणही तसंच करू, तो म्हणाला. टी-शर्ट नाही, पाहुणे नाहीत, झुंबा नाही, डीजे नाही, नुसतं धावायचं.

सभा थोडा वेळ गप्प झाली.

‘कल्पना चांगली आहे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘पण मग आपण का करायचं?’

सूचना ‘तत्त्वतः मंजूर’ झाली.

पाहुण्यांचा प्रश्न त्यापेक्षा सोपा. आमदारांना बोलवायचं तर खासदारांना बोलवावं लागतं, दोघांना बोलवलं तर जिल्हाधिकाऱ्यांना, आणि तिघांच्या वेळा जुळल्या तर शर्यत साडेनऊला सुरू होईल आणि धावणारे ऊन लागून पवनारला झोपतील. उपाय निघाला: झेंडी एकाने दाखवायची, मेडल दुसऱ्याने द्यायचं, मनोगत तिसऱ्याने. धावणारे कधी सुटतील, हे मनोगतावर सोडलेलं नाही एवढीच सुधारणा. मैदान ठरवताना पुन्हा खोळंबा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्याला झालं, त्या स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावरून निघावं अशी एक सूचना आली. तीन दिवस साहित्यिक बसले तिथून धावपटू सुटले तर तेवढीच मैदानाला हालचाल, असं कारण दिलं गेलं.

पण त्याआधी गट कायदेशीर व्हायला हवा. प्रायोजकाला पावती लागते, पावतीला पॅन लागतो, पॅनला संस्था लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे निदान सात सदस्य लागतात, मग धर्मादाय कार्यालय, हिशेबतपासणी, दर वेळी पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट. सात सह्या सहज मिळाल्या. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, संघटक, मार्गदर्शक, प्रसिद्धिप्रमुख, तांत्रिक सल्लागार (ज्यांचं घड्याळ सगळ्यात महाग), सगळी पदं दहा मिनिटांत भरली. कोषाध्यक्षाच्या पदाला मात्र कुणी तयार होईना. बँकवाले दोघेही म्हणाले, दिवसभर तेच करतो. जिनिंगवाल्या शेठजींनी नम्रपणे नकार दिला. शेवटी हे पद त्या दिवशी गैरहजर असलेल्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांना एकमताने देण्यात आलं आणि टाळ्या झाल्या.

शनिवारी रात्री ग्रुपवर संदेश आला. रविवार, पहाटे पाच, गांधी पुतळ्यापासून, सेवाग्राम-पवनार पूर्ण मार्गाची चाचणी, सर्वांची उपस्थिती अनिवार्य. उत्तरं येत गेली. डॉक्टरसाहेबांची नाइट ड्यूटी. सरांचं मतदार यादीचं काम. बँकेत ऑडिट. शेठजींकडे कापसाच्या गाड्या लागलेल्या. नवे कोषाध्यक्ष ग्रुप सोडून गेले होते. बायकांच्या घोळक्यातून एकीने लिहिलं, ‘आम्ही सहा जणी येतो, तो पवनारच्या वळणाचा दिवा अजून बंद आहे, बॅटरी आणा.’ त्याच्या खाली अकरा अंगठे उमटले.

मग पुलगावच्या काकाजींनी विचारलं, पोह्याचं किती वाजता?

अध्यक्षांचं उत्तर तत्काळ आलं. साडेसात. वेळ काटेकोरपणे पाळावी.